जठे हात लागना

"इंजिन तर गोड चालस," म्हणाल्या देवयानीताई गिरासे,
आणि चावी टेबलावर ठेवली,
जरा जोरातच.
"पण स्टेअरिंग जड लागस, भाऊ.
काल शाळाना फाटकमा वळावताना
मन्हा खांदा भरी वना."

चारच दिवसांपूर्वी ही गाडी
माझ्या हातून गेली होती.
हेड उतरवलेलं, गॅस्केट नवं,
इंजिन साखळीवर टांगून खालची रबरं बदललेली.
जाताना कान लावून ऐकलं होतं,
शिवणयंत्रासारखा आवाज.
तो अभिमान वंगणासारखा
अजून नखांतून निघाला नव्हता.

म्हणून आधी मी इतरांना दोष दिला.
टायरात हवा कमी असेल. नव्हती.
बेल्ट सैल असेल. अंगठ्याने दाबला,
हवा तेवढाच दबला.
पोरं फार भरता का गाडीत?
ताई नुसत्या बघत राहिल्या.
टाकीत ऑइल खुणेपर्यंत,
लाल, रश्श्यावरच्या तवंगासारखं.
रस्त्यापलीकडे दोंडाईच्याची सगळी मिरची
उन्हात पडली होती.
वारा फिरला की तौसिफ दोनदा शिंकायचा,
पाना पडायचा,
आणि मला गप्प राहायला निमित्त मिळायचं.

इंजिन बंद ठेवून चाक फिरवलं. जड.
चालू करून फिरवलं. थोडं कमी जड.
म्हणजे पंप मेलेला नाही.
डावीकडे जेवढं, उजवीकडेही तेवढंच.
कण्हत होता मात्र तो पंप,
तोंडात घास असताना बोलावं तसा.

हिलाल मिस्तरी, माझे उस्ताद, दम्याने गेले.
कमी बोलायचे. एक वाक्य तेवढं
दोनदा सांगितलेलं आठवतं:
"जठे तुन्हा हात लागना, तठेच पहिले देख."
पहिल्यांदा मी ऐकलं नव्हतं.

बॅटरी घेऊन गाडीखाली सरकलो,
पाठीखाली कापसाच्या बियाण्याचं पोतं.
आणि तिथे उताणं पडल्यावर
गाडीऐवजी ती रात्र दिसली:
लाइट गेलेली, तौसिफच्या मोबाइलचा उजेड हलतोय,
साखळी कुरकुरतेय, इंजिन खाली येतंय,
मध्येच एक पाइप आडवा आला
आणि मी त्याला कोपराने ढकललं,
"हो बाजूला" म्हणत,
मला लहानपणी गॅरेजमध्ये म्हणायचे तसं.

तो होता. अजून तिथेच, बाजूला.
तेल परत टाकीत नेणारा रबरी पाइप,
इंजिनाच्या पायाखाली दुमडलेला,
मधोमध घडी.
चार दिवस तो काही बोलला नव्हता.
बोलला होता ताईंचा खांदा.

बाहेर येऊन काय सांगायचं
ते पोत्यावर पडूनच ठरवत होतो.
पाइप खराब निघाला, म्हणता आलं असतं.
बाजारात खराब पाइप पुष्कळ निघतात.
"मन्ही चूक शे, ताई."
त्यांनी मान हलवली,
जणू हे त्यांना फाटकातच कळलं होतं.

नवा पाइप. पुढची चाकं जॅकवर.
इंजिन बंद. तौसिफ सीटवर बसून
या टोकापासून त्या टोकापर्यंत
चाक फिरवतोय, पुन्हा, पुन्हा,
आणि मी टाकीत डोळा घालून.
आधी गुलाबी फेस,
मग मोठे बुडबुडे, मग एकेकटे,
मग बराच वेळ काहीच नाही,
आणि उठावं म्हटलं तर अजून एक.

ताईंनी गाडी मिरचीच्या दोन राशींमधून वळवली,
नुसत्या तळव्याने,
परातीत भाकरी फिरवावी तशी.
वळण संपल्यावर हात सोडला,
चाक आपलं आपण सरळ झालं.
मग हात खिडकीबाहेर आला.
मला निरोप होता की खांदा मोकळा करत होत्या,
कळलं नाही.

पैसे मी घेतले नाहीत,
त्यांनीही दोनदा विचारलं नाही.
जुना पाइप खिळ्याला टांगलाय,
हिलाल मिस्तरींच्या फोटोखाली,
घडी पडलेली बाजू पुढे करून.
तौसिफ विचारतो, भंगारात टाकू का?
मी म्हणतो, राहू दे,
आणि तो शिंकतो.